हॅलोजनच्या आधीच्या दोनशे बारा फ्रेम

मी, निकिता संपत ओव्हाळ, वय वर्षं चोवीस, धंदा मोबाइल दुरुस्ती, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि भरपूर चिडून लिहून ठेवते.

‘शरीरानं व मनानं सुदृढ असताना’ असं लिहायची पद्धत आहे म्हणे. मी तसं लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. मन ठीक आहे. शरीरात, म्हणजे हृदयात, दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला जन्मापासून बावीस मिलिमीटरचं भोक आहे. ते दोन महिन्यांपूर्वी सापडलं आणि येत्या गुरुवारी, बारा तारखेला, शिवणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरात एखादीच केस बिघडते. दादा म्हणाला, म्हणजे नव्याण्णव ठीक होतात ना, मग झालं तर. दादा, मी रोज दुकानात मोबाइल उघडते. शंभरातला एखादा माझ्या हातूनही जातो, आणि ज्याचा जातो त्याला बाकीच्या नव्याण्णवांचं काडीचं कौतुक नसतं.

ही माझी नेहमीची गंमत नाही. घरात कोणाचा विश्वास बसणार नाही म्हणून पहिल्याच पानावर सांगते. जगले तर माझं भांडण मी तोंडानं भांडीन, त्याला कागद लागत नाही. मेले तर भांडायला कोणी उरणार नाही, म्हणून लेखी भांडून ठेवतेय. भांडण एकच आहे: मी काढलेला फोटो खरा आहे आणि तो मी काढलाय. बाकी मिळकत फुटकळ आहे, ती आधी वाटून टाकते.

कलम १. घर पप्पांच्या नावावर आहे, ते मी कोणाला देऊ शकत नाही. परसातली आठ बाय दहाची फरशी मात्र मी स्वतः घातलीय. तिच्यावर कपडे वाळत घालायचा स्टँड ठेवू नये. तीन वर्षं आई तो ठेवते आणि मी काढते. मी गेल्यावर आई जिंकली असं होऊ नये.

कलम २. बँकेत जे आहे ते आईला. आकडा लिहीत नाही, तिला उगाच वाईट वाटेल.

कलम ३. बुधवार पेठेतल्या दुकानातली माझी हत्यारं, म्हणजे सोल्डरिंग गन, बारीक स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि भिंग, ही शेजारच्या टेबलावरच्या शेफालीला. पातळ टोकाचा चिमटा आठ महिने तिच्याचकडं आहे. तो आता रीतसर तिचा झाला.

कलम ४. माझा भाऊ तेजस, हडपसरला आयटीत आहे, त्याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. त्याला एक माहितीही देते. दादा, तू ‘मीटिंगमध्ये आहे’ असं टाइप केलंस की ‘आईला विचारून सांगतो’ असं जातं, हा मोबाइलचा बिघाड नाही. दोन वर्षांपूर्वी सेटिंगमध्ये मी ते घातलंय. तू त्यापायी नवा फोन घेतलास, ते सेटिंग त्यातही आपोआप गेलं. कसं काढायचं ते शेफालीला विचार.

कलम ५. दुर्बीण, तिचा खांब, ताऱ्यामागं ती फिरवत नेणारी मोटर आणि कॅमेरा हे सगळं पप्पांना.

खांब तर त्यांचाच आहे. माझे पप्पा खडकीला फिटर होते. दुर्बीण हलते अशी मी एकदा कुरकुर केली. त्यांनी भंगारवाल्याकडून सहा इंची पाइप आणला, परसात तीन फूट खणून काँक्रीटमध्ये उभा केला आणि आत वाळू ओतली. आता बाहेरून टँकर गेला तरी तारा जागचा हलत नाही.

कॅमेरा एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकला होता, परत न्यायला आलंच नाही. दोन वर्षांनी दुकानाचे मालक संजय शेठ म्हणाले, भंगारात घाल. मी घातला नाही, उघडला. सेन्सरच्या पुढं एक निळसर काच असते. माणसांचे चेहरे लालभडक येऊ नयेत म्हणून ती लाल उजेड अडवते. तेजोमेघातला हायड्रोजन नेमका त्याच लाल रंगात चमकतो. मी ती काच काढून टाकली. तेव्हापासून त्या कॅमेऱ्यात आई टोमॅटोसारखी दिसते, पण रोझेट दिसतो.

रोझेट कोण, ते घरच्यांसाठी लिहिते, कारण तीन वर्षांत कोणी विचारलं नाही. मृग नक्षत्राच्या पूर्वेला वायूचा एक प्रचंड ढग आहे, गुलाबासारखा गोल. त्यात नवे तारे तयार होतात, आत्ताही होतायत. नुसत्या डोळ्यांना तिथं काळोखाशिवाय काही नाही. पाच मिनिटं शटर उघडं ठेवलं की एक फ्रेम मिळते, तीही राखाडी. अशा शेकडो फ्रेम एकावर एक ठेवल्या की पुण्याचा उजेड हळूहळू वजा होतो आणि ढग वर येतो, लाल हायड्रोजन आणि आतल्या बाजूला निळसर ऑक्सिजन. त्याच्या मधोमध मोठं भोक आहे, आतल्या नव्या ताऱ्यांनीच पाडलेलं. त्याची माझ्या भोकाशी तुलना करून कोणी व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवलं तर त्याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही.

दुर्बिणीबरोबर पप्पांना त्यांचेच तीन पांढरे बनियन परत देते. ते मी चोरले नव्हते. दुर्बिणीच्या तोंडावर बनियन ताणून बांधायचा आणि पहाटेच्या आभाळाचे वीस फोटो काढायचे. त्यावरून काचेवरची धूळ कुठं आहे ते कळतं आणि ती नंतर काढून टाकता येते. विटलेला बनियन चालत नाही. दर हिवाळ्यात नवा घ्यावा.

कलम ६. (शुक्रवारी लिहिलंय.)

आमच्या मागच्या भिंतीपलीकडं श्री. रंगनाथ देवतळे राहतात. पोस्टातून रिटायर झालेले, मूळचे यवतमाळकडचे, पुण्यात चाळीस वर्षं. त्यांना मी काहीही देत नाही. उलट त्यांनी माझं काय नेलं त्याची ही नोंद.

गेल्या वर्षी जानेवारीत त्यांनी भिंतीच्या टोकाला हॅलोजन बसवला. आहे एलईडीच, पण सगळे हॅलोजन म्हणतात. शंभर वॅट. संध्याकाळी सातला लागतो आणि सकाळी सहाला विझतो. माझ्या दुर्बिणीपासून वीस फूट. रोझेटचा उजेड पाच हजार वर्षं चालत आलाय. तो निघाला तेव्हा पुणं नव्हतं, पोस्ट नव्हतं, देवतळ्यांच्या खापरपणजोबांचे खापरपणजोबा नव्हते. एवढं सगळं पार करून तो आमच्या परसात पोचला आणि शेवटच्या वीस फुटांत त्याला हॅलोजननं गाठलं.

हॅलोजन का बसवला ते मला माहीत आहे. सूड. आकाशाचे फोटो काढणारे लोक लाल बॅटरी वापरतात, म्हणजे डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. त्याच्या आधीच्या डिसेंबरात काकांनी खिडकीतून विचारलं, कोण आहे तिकडं. ‘मी आहे’ असं म्हणणं सोपं होतं. मी दुसरी लाल बॅटरी काढली, दोन्ही डोळ्यांच्या अंतरावर धरल्या आणि भिंतीवरून सावकाश वर चढवल्या. खिडकी बंद झाली. महिन्याभरात हॅलोजन लागला. यात समजायला अवघड काय आहे?

पुढचंही कबूल करते. ‘घर त्वरित विकणे आहे, एजंट नकोत’ ही त्यांच्या नंबरची जाहिरात मीच टाकली होती. एजंटच जास्त आले असं कानावर आलं. दिवाळीत त्यांच्या बेलचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवणारीही मीच. त्यांनी हॅलोजन काढला नाही. तेरा महिने झाले.

देवतळे काकांना मी या मृत्युपत्राचे साक्षीदार करणार आहे. यूट्यूबवरचे वकील सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. माझ्याकडून ज्यांना काहीच मिळणार नाही याची मला शंभर टक्के खात्री आहे, असे तेच एक आहेत.

कलम ७. आता मुख्य भांडण.

शहरात एक आकाश मंडळ आहे. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात होते. त्याचे सचिव अभिनव लिमये. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आपण कुठून येता?’ मी म्हटलं, विश्रांतवाडीहून. ‘तिथून आकाश दिसतं?’ मी म्हटलं, वर बघितलं की दिसतं. मग शिक्षण विचारलं. मी बारावी नापास, दोनदा. ते ‘हरकत नाही’ म्हणाले, पण अशा आवाजात की त्यातली हरकत मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या प्रदर्शनाला एक फोटो दिला. नाव ‘अज्ञात तेजोमेघ, दक्षिण आकाश’. तो आमच्या दुकानाखालच्या हॉटेलातल्या मिसळीच्या तर्रीचा होता, बाजूनं उजेड मारून जवळून काढलेला. परीक्षकांनी लिहून दिलं की वायूच्या पडद्यांची खोली विलोभनीय आहे. मोठ्या चौकटीत लावला. प्रशस्तिपत्र घ्यायला मी स्टेजवर पाव घेऊन गेले. सगळं सभागृह हसलं, लिमये सोडून. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले नसते, हे मान्य करते.

या डिसेंबरात मी रोझेट दिला. खरा. दोन हिवाळ्यांचा, एकोणतीस तासांचा. लिमये म्हणाले की आपला पूर्वेतिहास पाहता मूळ फ्रेम द्याव्या लागतील. रास्त आहे. मी तीनशे अठ्ठेचाळीसच्या तीनशे अठ्ठेचाळीस फ्रेम पेन ड्राइव्हवर घालून दिल्या. पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये त्यांनी लॅपटॉप सगळ्यांकडं फिरवला.

‘या फ्रेम एक जानेवारी दोन हजार पंधराच्या आहेत,’ ते म्हणाले. ‘तेव्हा आपण कितवीत होतात?’

मी म्हटलं, आठवीत.

‘पाच मिनिटांची एक, अशा तीनशे अठ्ठेचाळीस. म्हणजे एकोणतीस तास. एकाच रात्रीत. मोठी रात्र होती.’

या वेळीही सगळं सभागृह हसलं, मी सोडून. मी कॅमेऱ्याच्या घड्याळाचं सांगायला लागले तर कोणीतरी मागून विचारलं की आज पाव आणलाय का. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निकाल आला: ‘सदर छायाचित्र उसने असल्याचे दिसते.’

उसने. परसात दोन हिवाळे पाय गोठवून बसले ते काय शेजारून वाटीभर मागून आणलं होतं?

खोटं ठरवलं याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग असा, की इतकं वाईट खोटं मी करीन असं या लोकांना वाटलं. मी पाचवीपासून लोकांना फसवतेय. माझ्या हातून एकोणतीस तासांची रात्र सुटेल? मला फसवायचंच असतं तर तारखा वेगवेगळ्या टाकल्या असत्या, ढगाळ दिवस सोडले असते, लोहगावला उतरणाऱ्या विमानाची एक रेघही मधूनच घातली असती, आणि लिमये स्वतः हार घेऊन विश्रांतवाडीला आले असते. तारखा इतक्या गाढवासारख्या आहेत याचा अर्थ एकच होतो, की त्या कोणी बनवलेल्या नाहीत. एवढी साधी गोष्ट त्या सभागृहातल्या एकाही शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

कलम ८. तारखा चुकल्या त्याला जबाबदार कोण, तेही लिहायला पाहिजे. मी.

कॅमेऱ्यात घड्याळासाठी एक बारीक सेल असतो, शर्टाच्या बटणाएवढा. तो मेला, की मोठी बॅटरी बदलताना दर वेळी तारीख पुन्हा एक जानेवारी २०१५ वर जाऊन बसते. गिऱ्हाइकाला मी तो सेल दहा मिनिटांत बदलून देते, आठवड्याला दोन तरी होतात. माझ्या ड्रॉवरमध्ये पाकीटभर पडलेत. स्वतःच्या कॅमेऱ्याला तीन वर्षं घातला नाही. म्हटलं, फोटो निघतोय ना, तारीख काय चाटायचीय? वहीत नोंदी ठेवतात म्हणे आकाशवाले. वही ठेवणारी असते तर बारावी झाली नसते का?

म्हणजे माझ्याकडं फोटो होता, फ्रेम होत्या, आणि त्या मी काढल्यात हे सांगायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आणि मी म्हणजे पाववाली. शुक्रवारी कलम सहा लिहिलं तेव्हा परिस्थिती ही होती.

कलम ९. (रविवारी.)

शनिवारी दादासाठी सगळ्या फ्रेमची प्रत करत होते. करता करता फाइलच्या नंबराप्रमाणं एकेक उघडून बघितली. पहिल्या दोनशे बारा फ्रेम स्वच्छ आहेत. दोनशे तेरापासून शेवटपर्यंत प्रत्येक फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात खालून एक पांढुरका पट्टा चढतो. ज्या बाजूनं तो येतो त्या बाजूला आकाशात काही नाही. तिथं देवतळे काकांचा हॅलोजन आहे.

वर्षभर तो पट्टा पुसायचा कसा एवढंच मी बघत होते. तो पट्टा म्हणजे पोस्टाचा शिक्का आहे हे माझ्या डोक्यात शनिवारी शिरलं. हॅलोजन कुठल्या दिवशी लागला ते कुठं लिहिलेलं सापडलं, तर दोनशे बारावी फ्रेम त्याच्या आधीची, दोनशे तेरावी नंतरची, आणि दोन्ही आमच्याच परसातल्या. कोणीही यावं, खांबावर कॅमेरा लावावा, हॅलोजन चालू-बंद करून बघावा, तोच पट्टा येतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या फोटोत विश्रांतवाडीचा हॅलोजन कुठून येणार?

म्हणजे काकांच्या दारात जाणं आलं. तेही बेल वाजवून पळून न जाता.

आज सकाळी गेले. काकांनी दार उघडलं, आधी माझ्या हातात काय आहे ते बघितलं, मग जिन्यामागं कोणी लपलंय का ते. मी म्हटलं, काका, हॅलोजनचं बिल आहे का. ते काही न विचारता आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. तीत बिल होतं, गॅरंटी कार्ड होतं, आणि त्यांना टाचलेली पोलिसांतल्या तक्रारीची पोच होती. बिल चौदा जानेवारी दोन हजार पंचवीसचं, संक्रांतीचं. तक्रार बारा जानेवारीची: परसातली पाण्याची मोटर चोरीस गेली.

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, आणि ते लाल डोळे?

‘ते तर तू होती,’ काका म्हणाले. ‘भूत काय चपला फरफटत चालते?’

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हॅलोजन चोरासाठी होता. जो सूड समजून मी तेरा महिने सूड घेत होते, तो सूड नव्हताच. मग मी उलट चिडले. म्हटलं, तुमच्या दिव्यापायी माझ्या एकशे छत्तीस फ्रेम गेल्या, ऑक्सिजन तर सगळा धुऊन निघाला, माहीत आहे का तुम्हाला.

काकांनी फाइल बंद केली.

‘काका, दिवा बंद करता का, असं एकदा तरी विचारलं का तू?’ ते म्हणाले. ‘चाळीस माणसांनी मले घराचा भाव विचारला. तुझ्या तोंडून एक प्रश्न नाही आला.’

मी गप्प बसले. ही गोष्ट आमच्या घरात कोणी पाहिलेली नाही, म्हणून नोंदवून ठेवते.

त्यांनी स्वतः कोपऱ्यावर जाऊन बिलाची आणि पोचेची झेरॉक्स काढून आणून दिली. मूळ प्रत दिली नाही, गॅरंटी अजून अकरा महिने आहे. साक्षीदार व्हाल का विचारलं तर म्हणाले, सोमवारी येतो, चहा नको. आणि एवढं सगळं होऊन, त्यांच्या दारात पंधरा मिनिटं उभी राहून, दिवा बंद करता का हे मी आजही विचारलं नाही.

कलम सहा मी खोडत नाही. राग खरा होता आणि फ्रेम गेल्या त्या गेल्याच. शिवाय चोर मोटर न्यायला आला होता, तर दिवा मोटरवर मारायचा. माझ्या आकाशात काय ठेवलं होतं चोरानं?

कलम १०. उरलेलं काम.

गेलेल्या एकशे छत्तीस फ्रेम परत काढायच्या आहेत. म्हणजे तीन स्वच्छ रात्री, सात ते अकरा. अमावास्या सतरा तारखेला आहे. तेव्हा मी आयसीयूत असेन नाहीतर कुठंच नसेन, आणि असले तरी तीन महिने जड उचलायचं नाही. मार्च संपला की रोझेट मावळतीला लागतो, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत नाही.

फ्रेम पप्पा काढतील. डिसेंबरपासून वजनं तेच उचलतात. पप्पा, सगळं तुम्हाला येतं, फक्त झाकण काढायचं. मागच्या महिन्यात तुम्ही झाकण लावून चाळीस मिनिटं फोटो काढलेत. (दादा, त्या फ्रेम फेकू नकोस. झाकण लावलेल्या फ्रेमही लागतात, सेन्सरची खरखर काढायला. पण हे पप्पांना सांगू नकोस, परत करतील.) सेल मी काल बदललाय. इथून पुढच्या प्रत्येक फ्रेमवर खरी तारीख पडेल.

सगळ्या फ्रेम एकत्र दादानं करायच्या. दादा, एआयला सांगून फोटो सुंदर करू नकोस. कोपऱ्यातला एखादा तारा अंडाकृती असला तर असू दे, तो तसाच आलाय.

आणि देवतळे काका. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, पण तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. तोंडानं जमलं नाही म्हणून लेखी विचारते. तीन रात्री दिवा बंद ठेवता का? पप्पा त्या वेळात परसातच असतील, तुमच्या मोटरवर लक्ष ठेवतील. नाही म्हणालात तरी चालेल. पण विचारलं नाही असं आता म्हणू नका.

कलम ११. फोटो पूर्ण झाला की दादानं हार्ड डिस्क आणि दोन्ही झेरॉक्स घेऊन मंडळात जावं आणि लिमयांसमोर ठेवावं. शांतपणे. तुला शांतपणे चिडता येतं, मला येत नाही. दोनशे बारावी आणि दोनशे तेरावी फ्रेम शेजारी शेजारी उघडून दाखव, मग बिलाची तारीख दाखव. जास्त बोलू नकोस.

त्यानंतर ते फोटो लावतो म्हणतील. तेव्हा का लावताय ते विचार. बिचारी गेली, तिची आठवण म्हणून लावतो असं म्हणाले, तर फोटो उचल आणि घरी घेऊन ये. मला दया म्हणून भिंत नको. खरा आहे म्हणून लावतो, ‘उसने’ हा शब्द मागं घेतो, असं ग्रुपवर लिहिलं, जिथं तो शब्द लिहिला होता तिथंच, तर लावू दे. खाली नाव आणि जागा: निकिता ओव्हाळ, विश्रांतवाडी. तिथून आकाश दिसतं हे त्यांना कळू दे.

तर्रीचं प्रशस्तिपत्र माझ्या कपाटात आहे. ते लिमयांना परत द्यावं. ते त्यांनी मागितलं होतं आणि मी दिलं नव्हतं. त्या बाबतीत माझी चूक होती, एवढं त्यांना सांगितलं तरी चालेल. आवाज बारीक ठेवून सांग.

कलम १२. पुण्यानुमोदनाला कॉलेजच्या आयकार्डवरचा फोटो लावू नये. त्रिशरण, पंचशील झालं की चहा द्यावा. भाषणात कोणी ‘निकिता आता तारा झाली’ असं म्हणालं तर त्याला खाली बसवावं. तारा व्हायला लाखो वर्षं लागतात आणि सूर्याएवढा हायड्रोजन लागतो. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो आहे.

वरची बारा कलमं माझ्याच अक्षरात आहेत. वाचून, समजून, दोन ठिकाणी पुन्हा चिडून मी खाली सही करते. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करावं लागलं तर मला आनंदच होईल.

ठिकाण: विश्रांतवाडी, पुणे
तारीख: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

(सही) निकिता संपत ओव्हाळ

साक्षीदार १: संजय ओसवाल, दुकानमालक, बुधवार पेठ. माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: रंगनाथ देवतळे, पोस्ट खात्यातून सेवानिवृत्त, विश्रांतवाडी. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमक्ष सही केली, एवढ्यापुरतीच साक्ष. कलम ६ मान्य नाही. कलम १० वाचले. आज सायंकाळी सातपासून दिवा बंद ठेवत आहे, संपतरावांना तसे कळवले आहे. तीन रात्रींचे बंधन नाही. पुन्हा कधी लावायचा ते हिने स्वतः माझ्या दारात येऊन सांगावे. निरोप चालणार नाही. (सही)